उमेदवारी

मराठी भाषेत 'उमेदवार' हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. निवडणुकीच्या दिवसांत तो भिंतीभिंतींवर रंगविलेला दिसतो. त्यामुळे मते मागणारा मनुष्य म्हणजे उमेदवार, एवढाच त्याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु या शब्दाला दुसरा एक जुना अर्थ आहे. सोनाराच्या दुकानात, सुताराच्या कारखान्यात, छापखान्यात किंवा वकिलाच्या कचेरीत काम शिकण्यासाठी येणाऱ्या मुलासही पूर्वी उमेदवारच म्हणत. तो सकाळी लवकर येई, जागा झाडी, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवी आणि कारागिराच्या हातांकडे टक लावून पाहत बसे. सहा महिने, वर्ष असे लोटल्यावर एखादे किरकोळ काम त्याच्या वाट्याला येई. त्याच्यापाशी कौशल्य नसे, अनुभव नसे. असे ती केवळ उमेद. उमेद बाळगतो तो उमेदवार.

ही रीत केवळ सोनार-सुतारांच्या कामापुरती होती असे मात्र नव्हे. ज्या संस्थेने १९६९ साली मनुष्याला चंद्रावर उतरविले, त्या अमेरिकेच्या नासा या सरकारी अवकाशसंस्थेतही उमेदवार घेतले जातात. नासाची स्थापना १९५८ साली झाली. अमेरिकेत ठिकठिकाणी तिची केंद्रे आहेत. कोठे अग्निबाणांची परीक्षा होते, कोठे अंतराळवीरांना शिक्षण दिले जाते, तर कोठे दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा अभ्यास चालतो. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांना जूनपासून ऑगस्टपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी असते. त्या सुट्टीत सुमारे दहा आठवडे या केंद्रांतून शेकडो विद्यार्थी काम करताना दिसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे तीच यंत्रे असतात, तेच शास्त्रज्ञ असतात आणि पुष्कळदा तेच न सुटलेले प्रश्नही असतात.

तेथवर पोहोचण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे अर्ज.

अर्ज म्हटला की अनेकांच्या मनात एक प्रकारचा संकोच उत्पन्न होतो. मागणे हे कमीपणाचे आहे, अशी आपली एक समजूत असते. शिवाय नासासारख्या संस्थेचे नाव ऐकले की, 'तेथे आमच्यासारख्यांचे काय काम?' असा प्रश्न मनात येऊन हातातील लेखणी तशीच खाली ठेवली जाते. कितीतरी अर्ज संस्थेने नाकारलेले नसतात. ते लिहिलेच गेलेले नसतात! नकार देण्याचे काम त्या विद्यार्थ्याने स्वतःच, कोणी न सांगता, अगोदर उरकून टाकलेले असते.

जो लेखणी खाली ठेवीत नाही, त्याला पुष्कळ तयारी करावी लागते. उन्हाळ्यातील कामासाठी अर्ज करावयाचा तो बरेच महिने आधी, दारात बर्फ पडत असतानाच. मुदत टळून गेल्यावर आलेला अर्ज कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. त्याचे वय निदान १६ वर्षांचे असावे लागते, आणि अभ्यासातील त्याची प्रगतीही ठरावीक मर्यादेच्या खाली असून चालत नाही. कोणत्या केंद्रात कोणते काम आहे, त्यासाठी काय येणे आवश्यक आहे, याची वर्णने प्रसिद्ध होतात. ती नीट वाचून आपल्याला झेपेल आणि आवडेल असे काम निवडावे लागते. मग स्वतःच्या शिक्षणाची हकीकत लिहावयाची, गुणपत्रिका जोडावयाची, आणि जे शिक्षक आपल्याला ओळखतात त्यांच्याकडून शिफारसपत्र मिळवावयाचे.

या सर्वांत कठीण भाग कोणता? 'हे काम तुम्हाला का करावेसे वाटते?' या साध्या प्रश्नाचे उत्तर.

येथे मोठमोठे शब्द आपोआप धावून येतात. 'मला लहानपणापासून अवकाशाची अतोनात आवड आहे', 'विज्ञानासाठी आयुष्य वेचण्याचा माझा दृढ निश्चय आहे', अशी वाक्ये भराभर कागदावर उतरतात. ती खोटी असतात असे नाही. पण ती कोणाचीही असू शकतात. समजा, दुसऱ्या एका मुलीने लिहिले की, 'आमच्या गच्चीवरून मी तीन महिने लहान दुर्बिणीने गुरूचे चार चंद्र पाहिले आणि दररोज त्यांच्या जागा वहीत काढल्या. ढग आल्यामुळे अकरा रात्रींची नोंद राहिली. चौथा चंद्र पुन्हा मूळच्या जागी यायला किती दिवस लागतात, हे मी त्यावरून काढून पाहिले. माझे उत्तर पुस्तकातल्या उत्तराहून थोडे चुकले. ते का चुकले, हे मला समजून घ्यायचे आहे.' या मुलीने आवडीविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. तरीही अर्ज वाचणाऱ्या माणसाला तिची आवड दिसते, चिकाटी दिसते आणि सर्वांत मोलाची अशी एक गोष्ट दिसते. ती म्हणजे राहून गेलेल्या अकरा रात्री तिने लपविल्या नाहीत. ज्या ठिकाणी एका चुकलेल्या आकड्याने कोट्यवधींचे यान नष्ट होऊ शकते, त्या ठिकाणी हा गुण कोणत्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा अधिक किमतीचा असतो.

शिफारसपत्राची गोष्टही अशीच आहे. विद्यार्थी शिक्षकांकडे जाऊन पत्र मागतात ते शेवटच्या आठवड्यात. परंतु ते पत्र खरे म्हणजे वर्षभर लिहिले जात असते. प्रयोग फसला तेव्हा मुलाने तो पुन्हा केला, की शेजाऱ्याचे उत्तर उतरून घेतले? न समजलेली गोष्ट त्याने तास संपल्यावर येऊन विचारली, की समजल्यासारखी मान डोलावली? शिक्षक हे सारे पाहत असतात. प्रामाणिक शिक्षक जे पाहतात तेवढेच लिहू शकतात.

इतके करूनही जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, अशी स्थिती असल्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला नकारच येतो. नकाराचे पत्र फार लहान असते. पण ते वाचायला फार वेळ लागतो, कारण मनुष्य ते पुन्हा पुन्हा वाचतो. आपण अपात्र आहोत, असा निकाल कोणीतरी कायमचा दिला, असे त्याला वाटू लागते. अशा वेळी होसे हर्नांडेझ यांची हकीकत आठवावी. मेक्सिकोहून येऊन कॅलिफोर्नियातील शेतांवर मजुरी करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हंगामाप्रमाणे कुटुंब गावोगाव हिंडे, आणि लहानगा होसेही भाजीपाला व फळे तोडण्याचे काम करी. १९७२ च्या डिसेंबरात अपोलो १७ चे अंतराळवीर चंद्रावर चालत असताना दहा वर्षांच्या होसेने ते दृश्य घरातील दूरदर्शन संचावर पाहिले आणि आपण अंतराळवीर व्हावयाचे असे ठरविले. पुढे अभियंता झाल्यावर त्यांनी नासाकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. दुसरा नाकारला गेला. असे एकंदर ११ अर्ज नाकारले गेले! निवडल्या गेलेल्या लोकांपाशी आपल्यापेक्षा अधिक काय आहे, याचा त्यांनी शोध घेतला. मग ते विमान चालवायला शिकले, पाण्याखाली सूर मारून काम करायला शिकले, रशियन भाषा शिकले. बारावा अर्ज २००४ साली स्वीकारला गेला, आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये डिस्कव्हरी यानातून ते अवकाशात गेले. अकरा नकारांपैकी प्रत्येकाचा त्यांनी शिकण्यासाठी उपयोग करून घेतला, असेच म्हणावे लागेल.

आता ज्यांचा अर्ज स्वीकारला जातो, त्यांच्याकडे वळू. पहिल्या दिवशी त्यांच्या मनात काय काय कल्पना असतात! आपल्याला अग्निबाण सोडण्याची कळ दाबायला मिळेल, अंतराळवीरांच्या शेजारी बसायला मिळेल, असे कोणास वाटते. प्रत्यक्षात हाती येते ते पुष्कळदा साधे काम. आकड्यांचे तक्ते तपासणे, मोजमापे घेणे, संगणकासाठी आज्ञावली लिहिणे, जुन्या नोंदींची जुळणी करणे. सुताराकडील उमेदवार रंधा मारीत बसे, तसेच हे. पण याच साध्या कामांतून काय निर्माण होऊ शकते, याची काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

कॅलिफोर्नियातील पॅसाडीना या शहराजवळ नासाची एक प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे. तिचे नाव जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी. या प्रयोगशाळेचा आरंभच मुळी विद्यार्थ्यांच्या खटपटीतून झाला. १९३६ साली फ्रँक मलीना हा विद्यार्थी आणि त्याचे काही मित्र गावाबाहेरच्या एका कोरड्या ओढ्यात लहानशा अग्निबाण-यंत्राचे प्रयोग करीत होते. त्यातूनच पुढे ही संस्था उभी राहिली. तेव्हा तेथे विद्यार्थ्यांना दार उघडे असावे, हे स्वाभाविकच होते.

१९६१ च्या उन्हाळ्यात मायकेल मिनोविच नावाचा एक विद्यार्थी या प्रयोगशाळेत सुट्टीतील कामासाठी आला. तो गणित आणि पदार्थविज्ञान यांचा अभ्यास करीत होता. त्या वेळेपर्यंत जगातील कोणतेही यान दुसऱ्या ग्रहाजवळ जाऊन तेथील वार्ता कळवू शकलेले नव्हते. सूर्य, ग्रह आणि यान अशा तीन वस्तू एकमेकांना ओढत असताना यानाचा मार्ग कसा ठरेल, हा एक अतिशय बिकट प्रश्न होता. मिनोविचने तो गणिताने आणि संगणकाच्या साहाय्याने सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यातून त्याला असे दिसले की, यान एखाद्या ग्रहाच्या पाठीमागून योग्य अंतरावरून गेले तर ग्रहाच्या ओढीने त्याचा वेग वाढतो, आणि मुळीच इंधन न जाळता ते पुढच्या ग्रहाकडे फेकले जाते.

हे कसे होते? क्रिकेटच्या मैदानावर नुसती धरून ठेवलेली बॅट आणि पुढे सरसावून फिरविलेली बॅट यांतील फरक प्रत्येक मुलास ठाऊक असतो. स्थिर बॅटीवर आपटलेला चेंडू मंदपणे परततो. पुढे येणाऱ्या बॅटीवर आदळलेला चेंडू मात्र आला त्याहून अधिक वेगाने सीमेकडे धावतो. बॅटीने आपल्या वेगातील थोडा अंश चेंडूला दिलेला असतो. ग्रहही सूर्याभोवती प्रचंड वेगाने धावत असतो. यान त्याला स्पर्श करीत नाही. परंतु गुरुत्वाकर्षणाच्या अदृश्य हाताने ग्रह आपल्या वेगातील अल्पसा अंश त्याला देऊन टाकतो. ग्रह इतका विशाल असतो की, या दानाने त्याचे काहीच घटल्यासारखे दिसत नाही.

ग्रहांच्या ओढीने धूमकेतूंच्या वाटा बदलतात, हे ज्योतिर्विदांना पूर्वीपासून माहीत होते. तथापि या ओढीचा यानासाठी असा पद्धतशीर उपयोग होऊ शकेल, हे आरंभी सर्वांनाच पटले नाही. या कल्पनेचे श्रेय कोणाला किती द्यावे, याविषयी पुढे वादही झाले. परंतु १९७४ साली मॅरिनर १० हे यान शुक्राच्या ओढीचा उपयोग करून बुधापर्यंत जाऊन पोहोचले, तेव्हा या मार्गाची सत्यता साऱ्या जगाने पाहिली.

मिनोविचनंतर चार वर्षांनी, १९६५ च्या उन्हाळ्यात, गॅरी फ्लॅन्ड्रो नावाचा दुसरा एक विद्यार्थी याच प्रयोगशाळेत काम करीत होता. तो काळ मंगळाचा होता. त्याच वर्षी १४ जुलैला मॅरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि मंगळाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रे पृथ्वीवर आली. साऱ्या जगाचे लक्ष तिकडे लागलेले होते. फ्लॅन्ड्रोकडे मात्र सोपविलेले काम होते गुरूच्याही पलीकडच्या ग्रहांचे. तेथे यान पाठवायचेच झाले, तर कोणत्या मार्गाने पाठवावे, एवढे पाहून ठेवावयाचे होते. नेपच्यूनपर्यंत सरळ जाण्यास सुमारे ३० वर्षे लागली असती. इतकी वर्षे टिकेल असे यान त्या काळी कोण बांधणार? ज्या कामाचा उपयोग आपल्या हयातीत होईल की नाही हेही ठाऊक नाही, असे काम उमेदवाराच्या वाट्याला आले, तर ते कसेबसे उरकून टाकण्याचा मोह कोणालाही होईल.

फ्लॅन्ड्रोने ते उरकले नाही. त्याने पुढील अनेक वर्षांतील ग्रहांच्या जागा काढल्या आणि त्यांचे आलेख कागदावर रेखाटले. रेषा एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चारही ग्रह सूर्याच्या एकाच बाजूला, जणू काही एका वाटेवरच्या गावांसारखे येणार होते! त्या सुमारास यान सोडले, तर गुरूने त्याला शनीकडे पाठवावे, शनीने युरेनसकडे आणि युरेनसने नेपच्यूनकडे, असा प्रवास शक्य होता. आणि तीस वर्षांचे अंतर सुमारे बारा वर्षांत तोडता येणार होते.

असा योग सुमारे १७५ वर्षांतून एकदा येतो. मागे तो आला होता तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, आणि यान म्हणजे काय हे जगात कोणाला ठाऊक नव्हते. यापुढे तो येईल तेव्हा बाविसाव्या शतकाचा मध्य असेल. मनुष्याला अवकाशात यान पाठविण्याची विद्या आली आणि ग्रहांनी वाट मोकळी केली, या दोन गोष्टी एकाच वेळी घडून येत होत्या. आणि त्या तशा घडत आहेत हे वेळेवर, म्हणजे बारा वर्षे आधी, कोणीतरी पाहणे आवश्यक होते. बारा वर्षे ही यान आखण्यास, बांधण्यास आणि त्यासाठी पैसा उभा करण्यास लागणारी मुदत होती. आकाशाच्या कचेरीतही अर्जाला मुदत असते, असे म्हणावयास हरकत नाही!

मूळ आखलेली मोठी सफर खर्चाच्या कारणाने सरकारने मान्य केली नाही. पण तिच्या जागी लहान प्रमाणावर दोन यानांची योजना झाली. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. व्हॉयेजर २ हे १९७९ मध्ये गुरूपाशी, १९८१ मध्ये शनीपाशी, १९८६ मध्ये युरेनसपाशी आणि १९८९ मध्ये नेपच्यूनपाशी पोहोचले. शेवटच्या दोन ग्रहांना भेट देणारे दुसरे यान अद्याप झालेले नाही. गुरूच्या आयो नावाच्या चंद्रावर जागते ज्वालामुखी आहेत, हे या मोहिमेनेच मनुष्याला दाखविले. पुढे व्हॉयेजर १ हे २०१२ मध्ये आणि व्हॉयेजर २ हे २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधील पोकळीत शिरले.

या यानांशी मराठी माणसाचाही एक हृदयंगम संबंध आहे. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका बसविलेली आहे. कधी काळी दूरच्या कोणा बुद्धिमान प्राण्याला ती सापडलीच, तर पृथ्वीची ओळख पटावी, हा त्यातील हेतू. तिच्यावर पृथ्वीवरील ५५ भाषांतील नमस्कार आहेत. त्यांत मराठीही आहे. आणि जगातील निवडक संगीतात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या गानतपस्विनी केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. मराठी बोली आणि केसरबाईंचा सूर आज सूर्यमालेतील सर्व ग्रहांच्या पलीकडे जात आहेत. ज्या वाटेने ते निघाले, ती वाट एका उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने कागदावर काढलेली होती.

ही झाली साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आता सारे काही शोधून झाले, उमेदवारांसाठी नवे काय उरले, असे कोणी म्हणेल. त्याने २०१९ च्या उन्हाळ्याकडे पाहावे. न्यूयॉर्क राज्यातील स्कार्सडेल येथील शाळेत शिकणारा वुल्फ कुकिअर हा १७ वर्षांचा मुलगा त्या सुट्टीत मेरीलँडमधील नासाच्या गॉडार्ड केंद्रात उमेदवार म्हणून गेला. टेस नावाची दुर्बीण असलेले यान ताऱ्यांच्या प्रकाशातील चढउतार टिपीत असते. एकमेकींभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या त्या नोंदी तपासणे, हे त्याचे काम. एक तारा दुसऱ्यासमोर आला की प्रकाश कमी होतो. पुन्हा दूर झाला की वाढतो. तक्त्यामागून तक्ता, आलेखामागून आलेख पाहत राहावयाचे.

तिसऱ्याच दिवशी एका जोडीच्या नोंदीत त्याला प्रकाश किंचित मंदावलेला दिसला. प्रथम त्याला वाटले की, हे नेहमीचेच ग्रहण असावे. पण वेळ जुळेना. त्या जोडीतील तारे सुमारे १५ दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घालतात, आणि ही मंदी त्या हिशेबात बसत नव्हती. वेळेतला हा फरक त्याने सोडून दिला नाही. आपल्या मार्गदर्शकांना तो दाखविला. त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासणी केली. ती मंदी एका ग्रहाची होती! पृथ्वीपासून सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर, दोन सूर्यांभोवती फिरणारा, पृथ्वीच्या सुमारे ६.९ पट मोठा असा तो ग्रह. जानेवारी २०२० मध्ये होनोलुलू येथे ज्योतिर्विदांच्या सभेत तो जाहीर झाला. टेसच्या नोंदींत सापडलेला दोन सूर्यांभोवतीचा तो पहिलाच ग्रह होय.

या उमेदवारांना इतरांहून निराळी अशी कोणती दिव्य दृष्टी लाभलेली होती? तक्ते तेच होते, ग्रह तेच होते. त्यांच्या हाती आलेले काम लहान होते. त्यांनी ते लहान मानले नाही, एवढेच. नवख्या माणसाला एक लाभ असतो. 'हे असे असायचेच' असे म्हणण्याची सवय त्याला अजून लागलेली नसते. म्हणून जुन्या माणसाच्या नजरेखालून निसटलेली विसंगती त्याला टोचते. परंतु ती टोचणी इतरांना सांगण्याचे धैर्य आणि ती तपासून घेण्याची नम्रता, ही दोन्ही त्याच्यापाशी हवीत. कुकिअरला दिसलेली खूण ग्रहाचीच आहे हे सिद्ध करावयास अनेक अनुभवी माणसांचे श्रम लागले, हेही विसरता कामा नये.

नासाचे हे दार अमेरिकेच्या नागरिकांसाठी आहे. भारतातील मुलांना त्याचा उपयोग नाही. पण भारताच्या स्वतःच्या अवकाशसंस्थेने, म्हणजे इस्रोने, २०१९ साली 'युविका' अर्थात 'युवा विज्ञानी कार्यक्रम' सुरू केला. नववीत शिकणाऱ्या निवडक मुलामुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांत राहून शास्त्रज्ञांकडून शिकण्याची संधी त्यात मिळते. ती नोकरी नव्हे. तिला उमेदवारीची पहिली पायरी म्हणता येईल. निवड करताना आठवीचे गुण पाहतात, आणि खेड्यातील शाळांत शिकणाऱ्या मुलांना थोडे झुकते मापही दिले जाते. तेथेही अर्ज करावा लागतो, मुदत पाळावी लागते, आणि तेथेही निवडल्या जाणाऱ्यांपेक्षा न निवडलेल्यांची संख्या पुष्कळ मोठी असते.

न निवडलेल्या मुलांचे काय? त्यांच्या अर्जाचे सगळे श्रम वाया गेले काय? अर्ज लिहिण्यासाठी ज्या मुलाने आपले काय येते आणि काय येत नाही याचा प्रामाणिक हिशेब मांडला, ज्या मुलीने गच्चीवर बसून गुरूच्या चंद्रांची वही भरली, त्यांची ती वही कोणी परत घेत नाही. ढगांमुळे राहिलेल्या अकरा रात्री पुढच्या हिवाळ्यात भरून काढता येतात. चुकलेल्या उत्तराचे कारण शोधता येते. आणि पुढच्या वर्षी अर्जाचा तोच कोरा रकाना पुन्हा समोर येतो, तेव्हा त्यात लिहिण्यासारखी एक खरी गोष्ट त्यांच्यापाशी अधिक असते.